हलव्याला काटा: मनूच्या बोरन्हाणाची कामवही

२८ डिसेंबर २०२५, रविवार

नातीचं बोरन्हाण रथसप्तमीला करायचं ठरलं. २५ जानेवारी, रविवार. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही केलं तरी चालतं, पण डोंबिवली आणि पुण्याची मंडळी रविवारशिवाय येणार नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी २६ जानेवारीची सुट्टी आहे. माणसं पस्तीस, त्यांत दहा वर्षांखालची पोरं अकरा. जागा आमचाच मुलुंडचा हॉल. सोफा शेजाऱ्यांकडे हलवावा लागेल.

मुलगा म्हणाला, सगळं बाहेरून मागवू. आई (वय ८३) म्हणाली, "मागवा काय ते. हलवा तरी घरचा हवा." सगळे गप्प. हलवा म्हणजे संक्रांतीचा, तिळावर साखरेच्या पाकाची पुटं चढवून केलेला काटेरी दाणा; बोरन्हाणाला बाळाला घालतात ते दागिने याचेच. आमच्या घरी तो शेवटचा झाला गिरगावात, मी कॉलेजात असताना. आता तिची बोटं वाकडी झालीत, परातीत तासन्‌तास हात फिरवणं तिला होणार नाही. मी बोलून गेलो, "मी करतो." चौतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला काढली आहेत, साखरेचा पाक म्हणजे शेवटी एक द्रावणच. त्यावर ही आतून म्हणाली, "अहो, तुम्हाला दूध उतू जाताना दिसत नाही."

म्हणून ही वही. कारखान्यात प्रत्येक बॅचची नोंद ठेवायचो, तशीच इथे.

३० डिसेंबर, मंगळवार. बॅच १

तीळ ५० ग्रॅम, साखर एक वाटी, पाणी अर्धी वाटी. पाक चांगला एकतारी केला. नॉनस्टिक कढईत तीळ गरम करून त्यावर दोन डाव पाक ओतला आणि कालथ्याने हलवलं. चार मिनिटांत एक अखंड गोळा. आईला नेऊन दाखवला. तिने तुकडा मोडून खाल्ला. "चिक्की छान झाली आहे."

३१ डिसेंबर, बुधवार. बॅच २

पाक पातळ केला, चमच्याने घातला, पण आच मोठी ठेवली. साखर तिळाला न चिकटता सुटी झाली. खाली पांढरी भुकटी, वर कोरडे तीळ. भुकटी चहाच्या डब्यात ओतली. ही बोलली नाही, फक्त डबा उघडून बघितला आणि पुन्हा लावला.

संध्याकाळी आईजवळ बसलो आणि तिला विचारून नीट लिहून घेतलं. सांगताना ती मापं सांगत नाही, हात हलवून दाखवते. कागदावर आलं ते असं: कढई नको, परात हवी, म्हणजे दाणा लोळतो. पाकात चमचाभर दूध घालायचं, मळी वर येते ती काढायची आणि पाक मलमलीतून गाळायचा, नाहीतर हलवा पिवळट दिसतो. पाक एका वेळी चहाचा एक चमचा, जास्त नाही. कालथा अजिबात नको, बोटांनीच हलवायचं. एक चमचा पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा घालायचा नाही. पहिल्या दिवशी तीळ नुसता पांढरा होतो. दुसऱ्या दिवशी फुगतो. काटा तिसऱ्या-चौथ्या दिवशी. रोज थोडं करून रात्रभर मलमलीखाली झाकून ठेवायचं.

"आणि आच?"

"निखाऱ्यावर राख सारायची."

इथेच अडलं. गॅसला राख कुठून सारणार?

३ जानेवारी २०२६, शनिवार

मशीद बंदरला जाऊन आलो. पॉलिशचे पांढरे तीळ अर्धा किलो, मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, चिक्कीचा गूळ दोन किलो, साधा पिवळा गूळ एक किलो. चिक्कीचा वड्यांसाठी आणि साधा गुळपोळीसाठी. चिक्कीचा गूळ पोळीत घातला तर पोळी गार झाल्यावर दाताला दगड लागतो, हे मागे एकदा अनुभवलं आहे.

तीळ घेताना दुकानदाराने विचारलं, कशासाठी. सांगितल्यावर तो हसला. "तयार मिळतो ना, काका." मिळतो. दादरला रानडे रोडला संक्रांतीच्या आधी हलव्याच्या दागिन्यांची दुकानंच्या दुकानं भरलेली असतात. ते मलाही माहीत आहे.

माळ्यावरची पितळी परात काढली. कल्हई पार गेलेली. कल्हईवाला शोधत बसलो तर रथसप्तमी निघून जाईल. हिची जाड बुडाची स्टीलची परात मागून घेतली, लेखी अटींवर.

५ जानेवारी, सोमवार. बॅच ३, दिवस पहिला

आचेचा प्रश्न सुटला. लहान बर्नर, त्यावर लोखंडी तवा, तव्यावर परात. तवा आच पसरवतो. परातीचा तळ थर्मामीटरने मोजला, ५० ते ५५ अंश सेल्सिअस. बोटांना सोसतं, पण फार वेळ नाही.

आज तीळ ४० ग्रॅम, मगज २० ग्रॅम वेगळ्या ताटात. पाक दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. १०४ अंशांना उतरवला. एकतारीच्या जरा अलीकडे.

पाकाचा पातळपणा कसा मोजायचा? माझ्याकडे कारखान्यातला जुना बी-फोर कप आहे. तळाला ठरावीक भोक असलेला पेला. रंग त्यात भरायचा आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. कप उकळून घेतला. पाणी दहा सेकंदांत गेलं, गरम पाक सोळा. आईने चिमटीत घेऊन बघितलं, "बरोबर आहे." सोळा सेकंद लाल शाईने लिहून ठेवले. मनातून फार बरं वाटलं.

दीड तासात अकरा चमचे पाक. तीळ पांढरे झाले, बाकी काही नाही. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट लाल.

६ जानेवारी, मंगळवार. दिवस दुसरा

आज आई म्हणाली, पाक दाट आहे. मी कप दाखवला, सोळा सेकंद. ती म्हणाली, "तेव्हा असेल." पुन्हा मोजला तर चोवीस. चूक लक्षात आली. पाक उतरवल्यावर मी एकदाच मोजत होतो, आणि दीड तास तो ओट्यावर गार होत, घट्ट होत बसत होता. सुरुवातीचे चमचे बरोबर, शेवटचे दाट. दाट पाकाने दाणे जोडीने चिकटतात. परातीत जुळी-तिळी दिसत होतीच. कारखान्यात ही चूक एखाद्या पोराने केली असती तर मी त्याला सुनावलं असतं.

उपाय: पाकाचं पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवायचं, आणि दर अर्ध्या तासाला चमचाभर गरम पाणी. आता कप पुन्हा कपाटात. आई दर दहा मिनिटांनी चिमटी पुढे करते, ते जास्त सोपं आहे.

७ जानेवारी, बुधवार. दिवस तिसरा

दाणा फुगला. ज्वारीएवढा झाला. अगदी गुळगुळीत, मोत्यासारखा. दागिन्याला हा चालेलही, पण ह्याला हलवा म्हणत नाहीत.

मुलाने फोनवर काहीतरी शोधून दाखवलं. जपानात अशीच एक काटेरी साखरगोळी करतात, कोनपेइतो. पोर्तुगीज शब्द 'कॉन्फेइतो', त्यावरून. १५६९ मध्ये लुईस फ्रोइस नावाच्या पोर्तुगीज पाद्र्याने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीत घालून ती भेट दिली होती. तिकडे मोठी कलती परात तापवून फिरवत ठेवतात आणि वर थोडा थोडा पाक सोडतात. एका खेपेला दोन आठवडेसुद्धा लागतात. आईला वाचून दाखवलं. "दोन आठवडे? मग मी बरी होते," एवढंच म्हणाली.

८ जानेवारी, गुरुवार. दिवस चौथा

काटा आला!

पहाटे साडेपाचला सुरू केलं होतं, खिडकीतून गार हवा येत होती. सहा वाजून चाळीस मिनिटांनी मगजाच्या दाण्यांवर बारीक टोकं दिसायला लागली. भिंग आणून बघितली. सातपर्यंत तिळावरही. माझा अंदाज असा: दाण्यावर जिथे जरा उंचवटा असतो तो परातीतल्या ओल्या पाकाला आधी लागतो, तिथे साखर आधी जमते, उंचवटा आणखी उंच होतो. एका चमच्यात जास्त पाक घातला तर मधल्या खाचाही भरून निघतात आणि दाणा पुन्हा गुळगुळीत. चहाचा एकच चमचा का, त्याचं उत्तर बहुधा हे. गार, कोरड्या हवेत पाक झटकन वाळतो, म्हणून पहाट. आईने मात्र याला एका वाक्यात निकालात काढलं. "घाई केली की काटा रुसतो."

२१० ग्रॅम तयार. आईने चार दाणे तळहातावर घेतले आणि बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, तीळ आणखी भाजायला हवे होते.

९ जानेवारी, शुक्रवार

मुंग्या. रात्री परात मलमलीखाली टेबलावर ठेवली होती. सकाळी मलमल चालत होती. सत्तरएक ग्रॅम वाचला तो वेगळ्या डब्यात काढलेला होता म्हणून. १४० ग्रॅम गेला, म्हणजे मुंग्यांनी नेला नाही, पण आता कोण खाणार. खडूच्या रेघा मारता येत नाहीत, मनू रांगते आणि जे दिसेल ते तोंडात घालते.

टेबलाच्या चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या. गिरगावात पिंपाखाली ठेवायचो तशा. आठवायला १४० ग्रॅम खर्ची पडले.

१० जानेवारी, शनिवार. बॅच ४

८० ग्रॅम तीळ, ३० ग्रॅम मगज, थोडी खसखस वेगळी. खसखशीचा हलवा फार नाजूक होतो, पण चाळणीतून निसटतो. दागिन्याला निरुपयोगी, तिळगूळ वाटायला छान.

आज उठायला उशीर. दहाला बसलो. त्याच वेळी शेजारच्या बर्नरवर डाळीचा कुकर. तिसऱ्या शिट्टीपर्यंत परातीतले दाणे ओलसर दिसायला लागले. स्वयंपाकघरातला आर्द्रतामापक ६१ टक्क्यांवरून ७८ वर गेला. हिला म्हटलं, कुकर दुपारी लावता येईल का. तिने परातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "माणसांनी जेवायचं की नाही रथसप्तमीपर्यंत?"

तह झाला. पहाटे साडेपाच ते साडेसात ओटा माझा. नळाचं पाणी आलं की माझं साम्राज्य संपलं.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी

बॅच ४ चा चौथा दिवस. काटा आला, या वेळी सगळ्या दाण्यांवर. तीळ आधी खमंग भाजून घेतले होते. २९० ग्रॅम.

दुपारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची मिसळीची भाजी: हरभरे, पावटे, गाजर, वांगं, बोरं, ऊस, शेंगदाणे. बोरं घालायची की नाही यावर घरात दरवर्षी दोन पक्ष पडतात. मी विरोधी पक्षात.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

या वर्षी संक्रांत आणि षट्‌तिला एकादशी एकाच दिवशी. आई आणि ही, दोघींचा उपास. गुळपोळ्या केल्या, पण त्या दोघींनी फक्त बघितल्या. पोळी शिळीच चांगली लागते, असं दोघी दिवसभर एकमेकींना सांगत होत्या.

गुळपोळी ही २५ तारखेची रंगीत तालीम होती. पिवळा गूळ किसून, तिळाचं कूट, खसखस, वेलची, जायफळ आणि तुपात भाजलेलं बेसन. बेसन गुळाला धरून ठेवतं; नाही घातलं की गूळ तव्यावर वाहतो आणि जळतो. पोरांसाठी मोठी पोळी लाटून तव्यावर टाकण्याआधी वाटीने छोट्या चकत्या पाडून बघितल्या. कडा उघड्या राहतात, गूळ बाहेर. नापास. प्रत्येक छोटी पोळी वेगळीच भरावी लागणार, पुरीएवढी. चव मात्र पास. भरपूर तूप लावून शेजारच्या चार वर्षांच्या पोराने तीन खाल्ल्या.

१५ जानेवारी, गुरुवार. किंक्रांत

महापालिकेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मतदान करून आलो. आईला रिक्षाने नेलं, तिने एकदाही मतदान चुकवलेलं नाही.

किंक्रांतीला शुभकार्य करत नाहीत. आईला विचारलं, बॅच ५ आज सुरू करू का. तिने विचार केला. "नवीन सुरू करू नकोस. चालू असेल ते चालेल." बॅच ४ चे उरलेले जोड-दाणे सोडवून पुन्हा पाक दिला, म्हणजे चालू कामच. शाई लागलेलं बोट डाव्या हाताचं होतं, त्यामुळे हलवा पांढराच राहिला.

गुळपोळ्या संपल्या. दोघींनी कालचा उपास वसूल केला.

१७ जानेवारी, शनिवार

सूनबाईची हरकत. आणि ती बरोबर आहे. ती म्हणाली, "बाबा, दागिने घातले की ती पहिल्या मिनिटाला ओढून तोंडात घालणार. हा दगडासारखा आहे. घशात अडकला तर?" मनू तेरा महिन्यांची. दात सहा. बोरन्हाणात डोक्यावरून जे ओततात त्यातही तिच्यासाठी धोक्याचंच जास्त: बोरांच्या बिया, शेंगदाणे, हरभरे, रेवड्या. मुलांच्या डॉक्टरांनीही कडक, गोल, बारीक खाऊ पाच वर्षांपर्यंत जपून, असं बजावलं आहे.

आई जरा दुखावली. "आम्हाला सगळ्यांना घातले, कोणाला काही झालं नाही." हिने सासू आणि सून दोघींच्या मधे चहा ठेवला.

मग सूनबाईनेच मार्ग काढला. पांढऱ्या जाळीच्या कापडाच्या बोटभर रुंदीच्या नळ्या शिवायच्या, हलवा त्यात भरायचा, दोन्ही तोंडं दुहेरी टाक्याने बंद आणि मधे मधे दोऱ्याने आवळून मण्यासारखे फुगे पाडायचे. मनू ओढेल, चोखेल, पण दाणा बाहेर येणार नाही. जाळीतून काटा दिसतो. एक नमुना शिवून आईच्या हातात दिला. तिने दोन्ही हातांनी ओढून बघितला, दातांनीही. निघाला नाही. "चालेल."

१८ जानेवारी, रविवार

मॅरेथॉनमुळे रस्ते बंद, माहीमची ताई दोन तास उशिरा आली, पण आली. दिवसभर दागिने. मनूसाठी जाळीचे: मुकुट, हार, बाजूबंद, वाक्या, कंबरपट्टा. मुकुटाला मागे इलॅस्टिक, पुठ्ठा नको, टोचतो.

मोठ्या मुलींसाठी ताईने जुन्या पद्धतीचा एक हार केला. हलवा सुईने ओवता येत नाही, भोक पाडायला गेलं की फुटतो. एकेका दाण्याला दोऱ्याचा फास घालून गाठ मारायची, पुढचा दाणा, पुढची गाठ, मधे चंदेरी जर. काट्यामुळेच गाठ घसरत नाही. गुळगुळीत हलव्याचे दागिने का होत नाहीत, ते आज समजलं. बॅच ३ च्या तिसऱ्या दिवसाचे मोती तिथेच बाद.

आईने कपाटातून तिच्या पहिल्या संक्रांतीचा फोटो काढला. १९६४. काळी चंद्रकळा, हलव्याचा बिंदीपासून पैंजणापर्यंत पूर्ण साज. तिच्या सासूबाईंनी केलेला. आई म्हणाली, फोटो काढेपर्यंत बसायचं नव्हतं आणि बसल्यावर उठायचं नव्हतं, हलवा घामाने विरघळत होता. मी विचारलं, जानेवारीत घाम? "चाळीतल्या खोलीत चाळीस बायका होत्या."

२० जानेवारी, मंगळवार

मेनू पक्का. मटार करंज्या, छोटे बटाटेवडे लादीपावाच्या चतकोर तुकड्यांत, पुरीएवढ्या गुळपोळ्या, पतंगाच्या आकाराच्या तिळाच्या वड्या, ताक. मुलाला केक हवाच आहे. गुळाचा तिळाचा केक करून बघतो, म्हणाला. कर.

२१ जानेवारी, बुधवार

केक, पहिला प्रयत्न: तिळाचं कूट जास्त झालं, तेल सुटलं, मधे चिखल. मुलाने भिंत बघत खाल्ला.

२२ जानेवारी, गुरुवार. माघी गणेश जयंती

नैवेद्याला तिळाचे मोदक, साच्यातले. तीळ भाजून कूट, गूळ, वेलची, किंचित तूप. पाक नाहीच. मऊ राहतात. आईच्या लक्षात आलं की हे मनूलाही देता येतील, चिमटीएवढे कुस्करून. म्हणजे उत्सवमूर्तीला खायला काहीतरी मिळालं.

केक, दुसरा प्रयत्न: कूट नाही, भाजलेले अख्खे तीळ, गूळ दह्यात विरघळवून, खायचा सोडा. दह्याची आंबट चव सोड्याला उचलते, केक फुगला. गुळाने रंग आपोआप तपकिरी. हा पास.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी दादर. चण्यामण्या बोरं एक किलो. मोठी ॲपल बोरं अर्धा किलो, ज्यांना बोरं आवडत नाहीत पण फोटो हवा असतो त्यांच्यासाठी. ऊस, हरभऱ्याचे घाटे, लाह्या, कुरमुरे, झेंडूच्या पाकळ्या.

दुपारी वड्या. तीळ ५०० ग्रॅम, चिक्कीचा गूळ ५०० ग्रॅम, दाण्याचं भरड कूट २०० ग्रॅम, तूप तीन चमचे. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की बोटांत मऊ गोळी व्हायला हवी. कडक होऊन ताटलीवर वाजायला लागला तर ती चिक्की, पोरांच्या दातांना नको. ताटात थापून गरम असतानाच पतंगाचा साचा. थंड झाल्यावर साचा लावला की वडीला भेगा पडतात. ५२ पतंग, चुरा वेगळा. चुरा हिने आणि मी खाल्ला.

संध्याकाळी करंज्या, ४५. जानेवारीतला मटार, म्हणून सारणात साखर चिमूटभरच. मटार भरडून, ओलं खोबरं, मिरची, आलं, कोथिंबीर, लिंबू. आईचं एकच म्हणणं: सारण कढईत पुरतं कोरडं कर आणि पूर्ण गार होऊ दे. मी घाईत पहिल्या सहा कोमट सारणाच्या भरल्या. त्यातल्या चार तेलात फुटल्या. उरलेल्या ३९ पैकी एकही नाही. आई बघत होती, बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी

सकाळी दारात सूर्यासाठी दूध उतू घातलं. हिने माझ्याकडे बघून विचारलं, "दिसलं का?"

साडेपाचला कार्यक्रम. मनू काळ्या खणाच्या परकर-पोलक्यात. दागिने घातल्यावर पहिली तीस सेकंद ती स्तब्ध होती, मग अपेक्षेप्रमाणे हार तोंडात. चोखला. गोड लागला. त्यानंतर तो हार तिने कोणालाही काढू दिला नाही. जाळी धरली, एकही दाणा बाहेर नाही. सूनबाई आणि आई एकाच वेळी वाकून बघत होत्या.

ओतायचं दोन टप्प्यांत. आधी मनूच्या डोक्यावरून फक्त कुरमुरे, लाह्या आणि पाकळ्या. पाच सवाष्णींनी औक्षण करून. कुरमुरे केसांत अडकून राहिले, ती एक एक काढून बघत होती. मग तिला उचलून आत नेलं आणि बोरं, घाटे, उसाचे करवे, रेवड्या, गोळ्या मोठ्या पोरांच्या मधे. पुढची दोन मिनिटं आमच्या हॉलची दादर स्टेशनची संध्याकाळ झाली होती. एका पोराला कोपर लागलं. दुसऱ्याने टोपी पुढे धरून सर्वांत जास्त लूट केली. हा पुढे राजकारणात जाईल.

खाण्यात करंज्या आधी संपल्या, मग वडे. केक शेवटपर्यंत पुरला, म्हणजे कोणाला फार आवडला नाही की तो मोठा होता, यावर मुलाचा आणि माझा मतभेद आहे. पतंग वड्या पोरांनी खाल्ल्या नाहीत, खिशात घालून नेल्या.

हलवा वाटताना पुण्याच्या काकूंनी दाणा बोटांत धरून विचारलं, "कुठून आणला?" आईने माझ्याकडे बोट दाखवलं. काकू हसल्या, त्यांना ती थट्टा वाटली. आई म्हणाली, "हसू नका. तीळ जरा कमी भाजले पहिल्या खेपेला, बाकी हात चांगला आहे त्याचा."

२६ जानेवारी, सोमवार

हिशेब. साखर सव्वा किलो. वापरण्याजोगा हलवा एकूण ३६० ग्रॅम. परातीपाशी काढलेले तास: एकवीस. मुंग्यांचा वाटा १४० ग्रॅम, वेगळा. बाकी साखर परातीच्या कडेला, भुकटीत, मळीत आणि माझ्या बाहीवर गेली.

परात हिला परत केली. तळ घासून, अट क्रमांक तीनप्रमाणे.

सोफ्याखालून अजून बोरं निघताहेत. उरलेला हलवा ७५ ग्रॅम, स्टीलच्या छोट्या डब्यात, झाकणाला सेलोटेप. डबा आईच्या कपाटात, फोटोशेजारी. आर्द्रतामापक पण तिथेच ठेवला, ती रोज बघते म्हणाली.